जागलीला बसलेला डॉक्टर

आमच्या झरीत कुणाचं हार्टचं ऑपरेशन झालं की भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कुठं केलं? डॉक्टर कोण होते? ब्लॉकेज किती निघाले? पैसे किती लागले, का योजनेत बसलं? या सगळ्यांची उत्तरं घरातल्या शाळकरी पोरालासुद्धा पाठ असतात. सर्जनचं तर नाव, गाव, आजवर किती ऑपरेशनं केली, सगळं. पण भूल कुणी दिली, हे कुणी विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही. विचारलं असतं तरी कुणाला सांगता आलं नसतं.

गंमत म्हणजे काही बिघडलं, माणूस ऑपरेशननंतर बरळायला लागला, की मात्र सगळ्यांचं लगेच एकमत होतं, "भूल जास्त झाली!" म्हणजे यश सर्जनचं आणि अपयश भुलीचं. मधल्या मधे भूल देणारा माणूस कोण, तो करतो काय, हे बघायची गरज कुणालाच वाटत नाही.

हे आत्ताच लिहायचं कारण आहे. आमच्या भावकीतल्या एका दादांची बायपास पुढच्या महिन्यात ठरली आहे. दादांना काय सांगायचं आणि काय नाही, यावर गेले आठ दिवस झरी, परभणी, पुणे अशी फोनाफोनी चालू आहे. फोनवर एक बोलायला जावं तर दुसरंच निघतं, म्हणून म्हटलं एकदाचं सविस्तर लिहावं. आपल्यातले बरेच जण हे वाचतात.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण झरीहून पुण्याला येणाऱ्या पेशंटची आणि त्याच्यासोबतच्या चार माणसांची उतरायची जागा म्हणजे आमचं घर. त्यामुळे आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर मी बऱ्याच रात्री काढल्या आहेत आणि तिथं बसल्या बसल्या डॉक्टरांना बरंच विचारलं आहे, घरी येऊन वाचलं आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. हार्टच्या पेशंटची ऑपरेशनच्या आधी भूलतज्ज्ञाशी नीट, त्याला कळेल अशा भाषेत भेट व्हायला हवी. ही भेट म्हणजे शिष्टाचार नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. आणि ती भेट होऊ न देण्यात हॉस्पिटलाइतकाच आपल्या घरच्यांचाही हात असतो.

आधी भूल म्हणजे काय ते बघू. आपली समजूत अशी की एक इंजेक्शन देतात, माणूस झोपतो, औषध उतरलं की उठतो. ज्यांनी शेतात जागल केली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ज्वारी हुरड्यात आली की माणूस रात्री माळ्यावर जाऊन बसतो. तो पेरत नाही, कापत नाही. पण रानडुकरं कुठून शिरतील यावर त्याचा कान असतो आणि त्याचा डोळा लागला की सकाळी पीक आडवं झालेलं असतं. भूलतज्ज्ञाचं काम या जागलीसारखं आहे. झोपवणं पाच मिनिटांचं, पुढचे पाच-सहा तास राखण.

हार्टच्या ऑपरेशनात तर ही राखण सर्जनने सुरी हातात घेण्याआधीच सुरू झालेली असते. मनगटातल्या धमनीत बारीक नळी घालतात, कारण रक्तदाब दर ठोक्याला दिसायला हवा, पाच मिनिटांनी पट्टा फुगवून बघणं इथं चालत नाही. मानेतल्या मोठ्या शिरेत दुसरी नळी. मग औषधं हळूहळू, अंदाज घेत घेत द्यायची. धडधाकट माणसाला हर्नियासाठी जो डोस सहज चालतो, तोच कमजोर हृदयाच्या माणसाला दिला तर रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. भूल कमी पडली तर उलटं होतं. नाडी पळायला लागते, रक्तदाब चढतो आणि आधीच चोंदलेल्या रक्तवाहिन्यांवर ताण येतो. दोन्ही बाजूंना खड्डा आणि मधून पायवाट.

मग श्वासनलिकेत नळी, श्वास मशीनवर. ज्या ऑपरेशनात हृदय थांबवायचं असतं, तिथं रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात आणि शरीराचं रक्त हार्ट-लंग मशीनमधून फिरवतात. (हे मशीन माणसावर पहिल्यांदा यशस्वी झालं ते १९५३ साली, अमेरिकेत, डॉ. जॉन गिबन यांच्या हातून.) काम संपलं की हृदय पुन्हा चालू करायचं, हेपारिनवर उतारा म्हणून प्रोटामिन द्यायचं, आणि त्यानेही रक्तदाब पडतो का ते बघत बसायचं. आपल्याकडे पुष्कळ बायपास हृदय न थांबवताच करतात. ते ऐकायला सोपं वाटतं, पण सर्जन मागची रक्तवाहिनी जोडायला धडधडतं हृदय उचलून धरतो, तेव्हा रक्तदाब सावरायचं काम डोक्याशी बसलेल्या माणसाचंच असतं.

औषधापेक्षा राखण महत्त्वाची, याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे मायकेल जॅक्सन. तो २००९ साली गेला आणि प्रोपोफॉल हे नाव पेपरात झळकलं. दुधासारखं पांढरं दिसणारं हे औषध जगभरच्या ऑपरेशन थिएटरांत रोज वापरलं जातं. पण ते त्याला घरी, झोप यावी म्हणून, योग्य देखरेखीशिवाय दिलं होतं. डॉक्टरला त्याबद्दल २०११ साली शिक्षाही झाली. औषध तेच. माळ्यावर जागल नव्हती.

आता थोडं मागे जाऊ, कारण या विषयाचा आपल्या भागाशी एक जुना संबंध आहे. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलं आहे. "भुलीत माणूस दगावतो तो श्वास बंद पडून की हृदय बंद पडून?" या प्रश्नावर त्या काळातले जगातले सगळ्यात गाजलेले प्रयोग याच राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत झाले.

झालं असं की १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबराच्या जेम्स सिम्पसनने क्लोरोफॉर्म वापरात आणलं. त्यानंतर तीनच महिन्यांत, २८ जानेवारी १८४८ ला, इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच गेली. ऑपरेशन कशाचं, तर पायाच्या बोटाच्या नखाचं! तेव्हापासून डॉक्टरांत दोन तट पडले. एक म्हणे श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला काही होत नाही. दुसरे म्हणत, क्लोरोफॉर्म हृदयच थांबवतं, नाडी धरून बसा.

हैदराबादच्या मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी हे पहिल्या तटातले. त्यांच्या सांगण्यावरून सहावे निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ साली पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. निष्कर्ष निघाला, धोका श्वासाला. लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला तो पटला नाही. तेव्हा निजामाने एक हजार पौंड दिले आणि सांगितलं, तुमचा माणूस पाठवा, समोर बसून बघू द्या. मग १८८९ साली लॉडर ब्रंटन हे नावाजलेले डॉक्टर लंडनहून हैदराबादेत आले. कुत्री, माकडं अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि पुन्हा तोच निष्कर्ष निघाला. लॉरींच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी तेव्हा हैदराबादेत क्लोरोफॉर्म देत. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. आपल्या शाळेत निजामाच्या राजवटीचा इतिहास शिकलो, पण हे कुणी सांगितलं नाही. असो.

हैदराबादचं उत्तर अर्धंच बरोबर होतं. श्वासावर लक्ष ठेवा, हे आजही खरं. पण हृदयाला धोका नाही, हे खोटं ठरलं. १९११ साली गुडमन लेव्ही या इंग्रज डॉक्टरने मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनॅलिन वाढलं, तर हृदय नुसतं थरथरतं आणि बंद पडतं. ॲड्रेनॅलिन कधी वाढतं? माणूस भ्यायला, झटापट करायला लागला की. नखासाठी आलेल्या त्या पोरीचं नक्की काय झालं यावर अजूनही दुमत आहे, पण ती भेदरलेली होती, हे नोंदलेलं आहे.

क्लोरोफॉर्म केव्हाच मागे पडलं. आजची औषधं कितीतरी सुरक्षित आहेत. पण भीतीने नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, हृदयाला जास्त रक्त लागतं, हे काही बदललेलं नाही. ज्याच्या हृदयाला आधीच रक्त कमी पडतंय, त्याच्यासाठी भीती ही नुसती मनाची गोष्ट राहत नाही.

मग भीती घालवायची कशी? झोपेची गोळी देऊन? तशी पद्धत आहेच. पण १९६३ साली अमेरिकेत डॉ. एगबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी तुलना केली. ऑपरेशनआधी काही पेशंटना शांत करणारं औषध दिलं, काहींना भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेटून उद्या काय काय होणार ते समजावून सांगितलं. ज्यांच्याशी बोलणं झालं होतं ते पेशंट जास्त शांत निघाले. पुढच्याच वर्षी त्यांनी पोटाच्या ऑपरेशनच्या पेशंटवर दुसरा अभ्यास केला. दुखणार कुठं, किती वेळ, दुखलं तर काय करायचं, हे ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांना दुखणं थांबवायच्या औषधांची गरज जवळजवळ निम्म्याने कमी लागली. साठ वर्षं झाली या गोष्टीला. बोलायला पैसे पडत नाहीत, तरी आपल्याकडे अजून तेच सगळ्यात आधी वगळलं जातं.

आता आपल्या घरच्यांकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका काकांची बायपास झाली. "त्यांना सांगू नका, खचतील," असं घरातल्या थोरल्यांनी ठरवलं. काकांना सांगितलं, छातीची एक तपासणी आहे, दोन दिवसांत घरी. हॉस्पिटल कोणतं ते लिहीत नाही, शहरातलं मोठं खासगी होतं. आदल्या रात्री एक मुलगा फॉर्म घेऊन आला, बाहेर बाकड्यावरच नातेवाइकांच्या सह्या घेतल्या. भूलतज्ज्ञ काकांना भेटले की नाही ते ठाऊक नाही, आम्हाला तर भेटले नाहीत.

काकांना जाग आली तेव्हा घशात नळी, आवाज फुटेना, दोन्ही हात खाटेला बांधलेले, चोवीस तास दिवे चालू, आणि आजूबाजूला बोलणारं कुणी त्यांच्या भाषेतलं नाही. चष्मा आमच्या पिशवीत. तपासणीला आलेला माणूस असा उठला तर त्याने काय समजावं? नळी निघाल्यावर तिसऱ्या दिवशी ते म्हणायला लागले, भिंतीवर मुंग्या चालल्यात, बैलांना पाणी दाखवलं का, आणि मला इथं विकलंय तुम्ही. सुया उपसल्या. पुन्हा हात बांधले. मला पाच मिनिटं आत सोडलं तर म्हणाले, "काहून बांधून ठेवलं रे मला? काय चोरलं मी?"

जुनी माणसं याला वातात बरळणं म्हणायची. डॉक्टर डेलिरियम म्हणतात. हृदयाच्या ऑपरेशननंतर, त्यातही वय झालेल्यांमध्ये, हे बरंच दिसतं. कारणं अनेक. शरीरावर झालेला आघात, झोपेचं खोबरं, दुखणं, काही औषधं, रोजची तंबाखू किंवा दारू एकदम सुटणं, चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ नसणं. म्हणजे "भूल जास्त झाली" इतकं सोपं ते नसतं. काका पाच-सहा दिवसांत पूर्ण शुद्धीवर आले. पण झरीत "त्याच्या डोक्यावर परिणाम झाला" ही बातमी त्यांच्याआधी पोचली होती, आणि ती काही पाच-सहा दिवसांत गेली नाही.

याच्या उलट आमच्या आत्याचं. लहानपणी सांधेदुखीचा ताप आलेला, त्यातून झडप खराब झालेली, साठीत ती बदलावी लागली. दुसरं हॉस्पिटल. संध्याकाळी एक तरुण भूलतज्ज्ञ बाई आल्या, बोलण्यावरून लातूरकडच्या वाटल्या, आणि स्टूल ओढून आत्याजवळ बसल्या. पहिला प्रश्न, "मावशी, मिश्री लावता का?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. तोवर घरातल्या कुणीही, कोणत्याही डॉक्टरला हे सांगितलं नव्हतं. दुसरा प्रश्न, "दात कोणते हलतात?" मग म्हणाल्या, "उद्या डोळे उघडाल तेव्हा घशात नळी असेल. बोलता येणार नाही. नळी ओढू नये म्हणून हात सैलसर बांधलेले असतील. भिऊ नका, काही तासांत नळी काढतात. कुणी मावशी म्हणून हाक मारली की हाताचं बोट दाबायचं."

आत्या म्हणाली, "आन न्हाई उठले तर?"

बाई म्हणाल्या, "धोका आहे, मावशी, नाही असं म्हणणार नाही. पण ऑपरेशन संपेपर्यंत मी तुमच्या डोक्यापासून हलत नाही." आत्या त्या रात्री झोपली. दुसऱ्या दिवशी हाक मारल्यावर तिने बोट दाबलं. नंतर सगळ्यांना सांगायची, "मला समदं ठावं होतं."

एक काका आणि एक आत्या यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळतं. आत्यालाही भ्रम होऊ शकला असता. पण आज आयसीयूचे जे निकष आहेत ते याच दिशेने जातात. पूर्वी हार्टच्या पेशंटला अफूच्या जातीच्या औषधांचे मोठे डोस देत, त्यामुळे तो रात्रभर व्हेंटिलेटरवर झोपून राहायचा. १९९० च्या दशकापासून डोस कमी करून, तब्येत ठीक असेल तर काही तासांतच नळी काढायची पद्धत रुळली. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, गुंगी हलकीच ठेवा, शक्यतो बेन्झोडायझेपिन गटातली औषधं टाळा, पेशंटला दिवस-रात्र कळू द्या, चष्मा द्या, घरच्यांना सामील करून घ्या. म्हणजे भूल देण्याइतकीच उठवण्याचीही काळजी घ्यायची.

कुणी म्हणेल, डॉक्टरांना वेळ कुठं असतो? खरं आहे. भूलतज्ज्ञ कमी, ऑपरेशनं जास्त, आणि एकेक जण या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात धावत असतो. पण आत्याशी झालेलं बोलणं पंधरा मिनिटांचं होतं. लाखोंच्या ऑपरेशनात पंधरा मिनिटं बसवता येत नसतील, तर दोष वेळेचा नाही. २०१२ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या सरकारी योजनेमुळे (आताची महात्मा फुले जन आरोग्य योजना) आपल्याकडचा कोरडवाहू शेतकरीही बायपास करून घेऊ शकतो, ही फार मोठी गोष्ट झाली. पैशाची वाट थोडी मोकळी झाली, तर आता माणसाशी बोलण्याचा आग्रह धरायला काय हरकत आहे?

आणि दुसरं कुणी म्हणेलच, "सगळं सांगितलं तर पेशंट घाबरेल." घाबरेल ना! पण आदल्या दिवशी, आपल्या माणसांत, प्रश्न विचारत घाबरलेलं परवडलं. बांधलेल्या हातांनी, एकट्याने, आयसीयूत घाबरण्यापेक्षा ते कधीही बरं.

तर दादांच्या घरच्यांनो, एवढं करा.

दादांना खरं सांगा. हार्टचं ऑपरेशन आहे, छाती उघडणार आहेत, हे त्यांना कळू द्या. भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्या. लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. त्या भेटीत तंबाखू, दारू, काहीही लपवू नका, भाऊबंद समोर असतील तर त्यांना बाहेर पाठवा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीतच घेऊन जा, रक्त पातळ करायची गोळी, शुगरची गोळी, वैद्याच्या पुड्या, सगळं. कोणती कधी बंद करायची ते त्यांनाच ठरवू द्या. आधी कधी भुलीचा त्रास झाला असेल, रक्तातल्या कुणाला झाला असेल, तर सांगा. उपाशी राहायला सांगितलं की उपाशीच ठेवा. "घोटभर चहाने काय होतंय" असं म्हणणारं कुणीतरी आपल्यात असतंच. दुधाचा चहा पोटात अन्नासारखाच धरतात, त्याला सहा तास लागतात, आणि भुलीत तो उलटून फुप्फुसात गेला तर जिवावर बेततं.

चष्मा आणि कवळी नाव लिहून डबीत ठेवा, नळी निघाली की लगेच द्यायला सांगा. आत सोडतील तेव्हा रडू नका, वाद घालू नका. आज वार कोणता, आपण कुठं आहोत, ऑपरेशन झालं, असं आपल्या बोलीत सांगा. बरळले तरी हसू नका आणि गावाकडे फोन करून ते पसरवू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतात.

भेटीची तारीख कळली की मला कळवा, मी सुट्टी काढून येतो. आणि जे कोणी भूल देणार असतील, त्यांचं नाव लिहून घ्या.